जोसेफचं सोडून द्या

एम.ए.ला असताना घेतलेली थॉमस हार्डीच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ या इंग्रजी कादंबरीची प्रत अजून माझ्याकडे आहे. पाठीचा पुठ्ठा सुटलाय, पानं टोस्टच्या रंगाची झालीत आणि समासात माझ्या पेन्सिलच्या नोंदी आहेत. बहुतेक नोंदी परीक्षेच्या धास्तीतून आलेल्या: ‘योगायोग’, ‘आयर्नी, महत्त्वाचे’, ‘मागच्या वर्षी आला होता’. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना ती प्रत हाती लागली आणि आवरणं राहिलं बाजूला. विसाव्या प्रकरणाशी एक नोंद दिसली. अक्षर माझंच, पण कधी लिहिली ते आठवेना. एकच शब्द होता: काहून.

वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते, काहून म्हणजे का, कशासाठी.

शेजारच्या छापील मजकुरात बापलेकीचा प्रसंग आहे. गवताचे भारे बांधत गावोगाव हिंडणारा हेंचर्ड आता धान्याचा बडा व्यापारी झालाय, शहराचा मेयर झालाय. तो जेवून उठतोय आणि एलिझाबेथ-जेनला त्याला काहीतरी दाखवायचंय. ती म्हणते, ‘बाइड व्हेअर यू बी अ मिनिट, फादर.’ इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या खेड्यात ‘जरा थांबा’ असंच म्हणतात. पण हेंचर्डचा पारा चढतो. डुकरांना खरकटं नेऊन घालण्याच्याच लायकीची आहेस का तू, असले शब्द वापरायला, असं तो तिच्या अंगावर ओरडतो. ती बिचारी ओशाळून सांगते, मला ‘स्टे व्हेअर यू आर’ म्हणायचं होतं.

पुढच्या परिच्छेदात हार्डी तिच्या सुधारणेची यादीच देतो. आधी ती भुंग्याला ‘डंबलडोर’ म्हणायची, आता ‘हंबल बी’ म्हणू लागली. रानातली निळी फुलं ‘ग्रेगल्स’ होती, त्यांची ‘वाइल्ड हायसिन्थ’ झाली. गावातली पोरं-पोरी ‘सोबत फिरतात’ असं म्हणणं सुटलं, त्यांचा वाङ्निश्चय झाला असं म्हणायचं ठरलं. आणि रात्री झोप लागली नाही की सकाळी नोकरांना ‘मी हॅग-रिड झाले’ असं सांगायची, म्हणजे चेटकीण रात्रभर मानगुटीवर बसून दौडवत होती. तेही बंद. आता तिला ‘अपचन’ होऊ लागलं.

अपचनाशी मी दरवेळी हसते. चेटकिणीला घराबाहेर काढून तिच्या जागी पोटाची तक्रार आणून बसवली, याहून नेमकी थट्टा सभ्यपणाची कुणी केलेली माझ्या वाचनात नाही.

ज्यांच्या घरात हॅरी पॉटर वाचणारी मुलं आहेत त्यांचे कान एव्हाना टवकारले असतील. डंबलडोर आणि हॅगरिड. 1886 साली छापलेल्या या कादंबरीतल्या एका बिचाऱ्या पोरीला जे दोन शब्द लाजेनं टाकावे लागले, ते शंभरेक वर्षांनी जगातल्या सगळ्यात खपाच्या पुस्तकांत येऊन बसले, एक मुख्याध्यापक झाला आणि दुसरा राखणदार. दोन्ही नावं बोलीतल्या जुन्या शब्दांवरून घेतल्याचं रोलिंगबाईंनी मुलाखतींमध्ये सांगितलंय. आपला डंबलडोर गाण्याचा शौकीन, स्वतःशीच गुणगुणत फिरणारा, म्हणून त्याला भुंग्याचं नाव दिलं. आणि हॅगरिड तर पिणाराच. त्याच्या कित्येक रात्री खराब गेलेल्या.

आता माझा ‘काहून’ तिथे कसा पोचला ते सांगते. अकोल्याजवळच्या खेड्यातून मी पुण्यात शिकायला आले ते 1983 साल होतं. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दारावर थाप मारली आणि मी आतून ओरडले, ‘येऊन राहिले!’ खोलीतल्या दोघी इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. ‘येऊन कुठे राहिलीस? भाडं किती?’ मग ते वर्षभर चाललं. मी जेवून राहिले, झोपून राहिले, सगळीकडे राहिलेच. काहूनची गत आणखी वाईट. एका तासाला बाईंनी मला काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून ‘काहून’ निघून गेलं. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘आपण मराठीत बोलूया का?’ वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

सहा महिन्यांत मी ‘का’ म्हणायला शिकले, अगदी तुटक, अनुस्वारबिनुस्वार न लावता. सुट्टीत घरी गेले तेव्हा माय म्हणाली, ‘बामनीन झाली वं तू.’ तिच्या आवाजात कौतुक होतं की तक्रार, ते मला तेव्हा कळलं नाही, आणि विचारायचं राहून गेलं.

गंमत अशी की इंग्रजीचा हा प्रसंग वाचताना मला कळायला हवं होतं आणि पेन्सिलला कळलंही असावं. मला मात्र नाही. आमच्या डोक्यात इंग्रजी म्हणजे एकच, कडक इस्त्रीची. बोली असतात त्या आपल्या, गावठी असतो तो आपण. साहेब जन्मतःच ग्रामर बोलतो. साहेबाच्या देशातही एखाद्या पोरीला जेवणाच्या टेबलावर आपला शब्द गिळावा लागत असेल, हे समोर छापलेलं असूनही माझ्या गळी उतरलं नव्हतं.

शिकवणाऱ्यांचाही थोडा हात होता. ‘वदरिंग हाइट्स’ वाचताना त्यातला म्हातारा नोकर जोसेफ बोलायला लागला की सर पान उलटायचे. ‘जोसेफचं सोडून द्या, परीक्षेला येत नाही.’ आम्हीही आनंदानं सोडायचो, कारण त्याचं एक वाक्य धड वाचता यायचं नाही. अर्धे शब्द अपॉस्ट्रॉफीनं छाटलेले, स्वर भलतीकडेच वळलेले. एमिली ब्राँटेनं उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरची बोली कानाला ऐकू आली तशी उतरवून काढली होती. कादंबरी आली 1847 साली, पुढच्याच वर्षी एमिली वारली, आणि 1850ची आवृत्ती काढताना थोरल्या बहिणीनं, शार्लटनं, जोसेफची वाक्यं थोडी सोपी करून टाकली. दक्षिणेकडच्या वाचकांना कळत नाही म्हणून. म्हणजे जोसेफचं सोडून देण्याची सुरुवात घरातूनच झाली होती.

आणि तरी पुस्तकाच्या नावातलं ‘वदरिंग’ तसंच राहिलं. तोही प्रांतिक शब्दच. उघड्या माळावरच्या घराभोवती वादळ घोंघावतं तेव्हाच्या हवेला तिकडे तसं म्हणतात, असं एमिली पहिल्याच प्रकरणात समजावून सांगते. जगभरच्या विद्यापीठांत मुलं तो शब्द उच्चारतात आणि जोसेफची पानं उलटतात.

मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं तेच केलं. मग एकदा ग्रंथालयात जोसेफ राइटची हकीकत वाचली. हा दुसरा जोसेफ.

राइट जन्मला 1855 साली, यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्डजवळ. गावाच्या भागाचं नाव आयडल, म्हणजे चक्क ऐदी. घरात इतकी गरिबी की काही काळ कुटुंबाला अनाथ-निराधारांच्या वर्कहाउसात काढावा लागला. सहाव्या वर्षी पोरगा दगडाच्या खाणीत गाढवाची गाडी हाकायला लागला. बोथट झालेल्या छिन्न्या-हत्यारं लोहाराकडे न्यायची आणि धार लावून परत आणायची. सातव्या वर्षी सॉल्टेअरच्या प्रचंड गिरणीत, भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावायच्या कामावर. पंधरा वर्षांचा होईतो त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. 1870 साली फ्रान्स आणि प्रशियाची लढाई लागली. गिरणीतला एकजण वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि बातमीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं याची या पोराला चीड आली. मग बायबल आणि ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या दोन पुस्तकांवर तो वाचायला शिकला, रात्रशाळेत गेला, थोड्याच दिवसांत आठवड्याला दोन पेनी घेऊन स्वतःच बरोबरीच्या मजुरांना शिकवू लागला. पैसे साठवून 1876 साली जर्मनीला निघाला आणि भाडं वाचवायला अँटवर्पपासून हायडलबर्गपर्यंत चालत गेला. पुढे तिथेच डॉक्टरेट मिळवली. 1901 साली तो ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला टॉल्किन त्याचा विद्यार्थी.

एवढं झाल्यावर माणसानं काय करावं? हेंचर्डनं जे केलं ते. पण राइटनं आपल्या गिरणीतल्या बोलीचं व्याकरण लिहिलं, 1892 साली छापलं, आणि मग साऱ्या इंग्लंडभरच्या बोलींचा कोश करायला बसला. ‘द इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’, सहा खंड, 1898 ते 1905. शब्द सुमारे सत्तर हजार. गावोगावच्या पाद्र्यांनी, मास्तरांनी, हौशी लोकांनी चिठ्ठ्यांवर शब्द लिहून पाठवले आणि तो ते लावत बसला. मी आयुष्यभर आयडल आहे आणि आयडलच मरणार, असं तो गमतीनं म्हणायचा, असं सांगतात.

त्या कोशातला माझा आवडता शब्द ‘लेक’. तळं नव्हे, खेळणं. यॉर्कशरमध्ये मूल खेळायला गेलं की ते ‘लेकिन’ असतं. व्हायकिंग लोक हजारेक वर्षांपूर्वी त्या किनाऱ्याला लागले आणि तिथेच राहिले, त्यांच्या भाषेतला हा शब्द. डॅनिश भाषेत त्याचाच भाऊबंद आहे. आपल्या नातवंडांच्या पायाखाली सापडणाऱ्या लेगोच्या नावातला ‘लेग’ तो हाच. पण गिरणगावांत या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. काम नसेल, गिरणी बंद असेल, तर मजूर म्हणायचे, आम्ही लेकिन आहोत. खेळतोय. घरात पीठ नाही आणि बाप खेळतोय. इतका कडवट विनोद शब्दात बसवायला कुणी साहित्यिक लागला नाही.

पुढे 1950 ते 1961 या काळात लीड्स विद्यापीठातून हॅरल्ड ऑर्टननं इंग्लंडच्या 313 ठिकाणी बोलींची पाहणी करवली. तेराशेहून जास्त प्रश्न. त्यातली युक्ती मला फार आवडते: विचारणाऱ्यानं तो शब्द स्वतः उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, खूण करायची, वर्णन करायचं आणि समोरच्याच्या तोंडून शब्द येईपर्यंत कळ काढायची. माणसं निवडली ती वयस्क, गाव फारसं न सोडलेली, आणि बहुतेक पुरुष. यावर माझं भांडण आहे. चुलीपाशी, पाळण्यापाशी, विहिरीपाशी जे शब्द असतात ते शेतातल्या म्हाताऱ्याला विचारून कसे मिळायचे? असो.

वर्गात मी तीस वर्षं एक वाक्य ठोकून सांगितलं: इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण यांना एकच शब्द आहे, ‘यू’. परीक्षेपुरतं खरं आहे. पण ‘तू’ आणि ‘तुला’ यांसाठीचे जुने शब्द, ‘दाउ’ आणि ‘दी’, यॉर्कशरच्या स्वयंपाकघरातून कधी गेलेच नाहीत. तिथे ते ‘था’ आणि ‘दी’ होऊन राहिले. आणि त्यावर त्या लोकांची एक म्हण आहे, ‘डोंट दी था मी’. याचा प्रमाण इंग्रजीत अनुवाद होत नाही, निदान एका ओळीत होत नाही. मराठीत मात्र हसत-हसत होतो: मला अरे-तुरे करू नकोस. पुढचा टोलाही आहेच, स्वतःलाच अरे-तुरे करून बघ म्हणजे कळेल कसं वाटतं.

प्रमाण इंग्रजीत हा ‘दाउ’ फक्त प्रार्थनेत आणि जुन्या कवितेत उरला. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना वाटायचं, तो फार आदराचा शब्द असणार, देवासाठी राखलेला. देवाला आपण आदरार्थी कधी म्हटलं? विठ्ठलाला ‘तुम्ही’ म्हणून बघा, जीभ अडखळेल. तिकडेही तेच होतं, देवाला आणि घरच्यांना एकच सर्वनाम. मग शहरातल्या लोकांनी घरच्यांना ‘यू’ म्हणायला सुरुवात केली आणि देव एकटाच राहिला.

आता मेंढ्यांकडे येते. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात, कंब्रियात, यॉर्कशरच्या खोऱ्यांत, मेंढपाळांची मोजणी वेगळी होती. वन, टू, थ्री नाही. यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिंप. मग सेथेरा, लेथेरा, होवेरा, डोवेरा, डिक, झाले दहा. अकरा म्हणजे यान-आ-डिक, एक आणि दहा. पंधराला बमफिट, सोळा यान-आ-बमफिट, आणि वीस गिगट किंवा जिगिट. खोरं बदललं की आकडेही थोडे बदलतात, पण पिंप आणि डिक आसपासच राहतात. हे आकडे इंग्रजी घराण्यातले नाहीतच. वेल्श भाषेत पाच म्हणजे ‘पिंप’सारखाच उच्चार, दहा ‘देग’, पंधरा ‘पमथेग’. इंग्रजी यायच्या आधी ज्या भाषा त्या बेटावर होत्या, त्यांच्या कुळातले हे आकडे. मूळच्या लोकांकडून मागे राहिले की नंतर कुठून आले, यावर विद्वानांचं एकमत नाही. मेंढ्यांना त्याचं काही नव्हतं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातला चहा निवला. कारण मला आमच्या घरामागचं पटांगण दिसत होतं. दादा विटी टोलवायचा आणि मी, लिंबूटिंबू, गुण मोजायला बसवलेली. वकट, लेंड, मूंड, नाल. आम्ही मोठ्यानं म्हणायचो, अर्थ कुणालाच माहीत नव्हता, विटीदांडूचे शब्द विटीदांडूसाठीच असतात असं वाटायचं. पुढे नवऱ्याच्या बदलीनं आम्ही दोन वर्षं हैदराबादला होतो. भाजीवाली टोपलीतून लिंबं काढून मोजू लागली: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मी तिला थांबवून पुन्हा मोजायला लावलं. तिला वाटलं मला हिशोबाचा संशय आहे.

तिकडे मेंढ्या, इकडे विटी. बाजारात, कचेरीत, शाळेत आकडे बदलले. माळावर आणि पटांगणात कुणी तपासायला आलं नाही.

त्या मेंढपाळांची गणती विसावर थांबते. वीस झाले की एक बोट दुमडायचं किंवा खडा खिशात टाकायचा किंवा काठीवर खाच पाडायची, आणि पुन्हा यान. खाच म्हणजे ‘स्कोअर’. म्हणून स्कोअर म्हणजे वीस, आणि म्हणूनच क्रिकेटचाही स्कोअर. माझी आजी गोवऱ्या विसांनी मोजायची. ‘तीन विसा अन् चार.’ चौसष्ट म्हटलं की तिचा विश्वास बसायचा नाही, पुन्हा मोजायची.

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याच्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण त्याची भाषा ही इंग्रजीची बोली नसून स्कॉट्स ही स्वतंत्र भाषा आहे असं तिकडचे लोक ठणकावून सांगतात, आणि त्यांचं बरोबर असावं. पण एका ओळीसाठी मोह होतो. 1785 साली नांगरताना त्याच्या फाळाखाली उंदरीचं बीळ मोडलं, त्यावरची ती कविता. उंदराची आणि माणसाची बेत आखण्याची ओळ सगळ्यांना ठाऊक असते, स्टाइनबेकनं तिच्यावरून कादंबरीचं नाव घेतलं. मला आवडते ती आधीची. तू चोरतेस, मान्य आहे, पण तुलाही जगायचंय ना, असं म्हणून तो पुढे लिहितो: ‘अ डेमेन इकर इन अ थ्रेव’. डेमेन म्हणजे क्वचित एखादं. इकर म्हणजे कणीस. थ्रेव म्हणजे चोवीस पेंढ्या. चोवीस पेंढ्यांमागे एखादं कणीस, एवढीच तुझी मागणी.

तीन शब्द, आणि तिन्ही खळ्यातले. शहरातल्या इंग्रजीत याचं भाषांतर करायला गेलं की ओळीची लांबी दुप्पट होते आणि कणीस हरवतं. आमच्याकडे सोंगणी झाल्यावर रानात राहिलेली कणसं वेचायला बायका जायच्या, त्याला सरवा म्हणतात. सरवा वेचणारीला कुणी चोर म्हणत नसे. बर्न्स उंदरीला सरव्याचा हक्क देतोय, हे मला वर्गात सांगता आलं ते त्या एका शब्दामुळे. मुलं शेतकऱ्यांची होती, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

‘ऑल्ड लँग साइन’ही त्याचंच. एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून उतरवून घेतलं, आधी कुठे छापलेलं नव्हतं, असं त्यानं स्वतः पत्रात लिहिलंय. त्यातलं त्या म्हाताऱ्याचं किती आणि याचं किती हा वेगळा प्रश्न. शब्दशः अर्थ ‘जुनं, फार पूर्वीचं’. हे गाणं अर्ध्या जगाला येतं आणि कुणालाच येत नाही. खडकवासल्याला एन.डी.ए.च्या दीक्षान्त संचलनात उत्तीर्ण तुकडी संथ पावलांनी बाहेर पडते ती याच सुरावर. आमच्या शेजारचा मुलगा त्या तुकडीत होता. त्याच्या आईला मी गाण्याचा अर्थ सांगू लागले तर ती म्हणाली, ‘राहू दे, आधीच रडू आवरत नाही.’

जॉन क्लेअरबद्दल थोडक्यात. नॉर्दम्प्टनशरचा शेतमजूर कवी, पहिलं पुस्तक 1820चं. गोगलगाईच्या शंखाला ‘पूटी’, डबक्याला ‘पज’, पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरू लागला की ‘क्रिझल’. प्रकाशक शब्द आणि विरामचिन्हं सुधारत राहिला आणि क्लेअर वैतागत राहिला. व्याकरण म्हणजे जुलमी सरकार, मी त्याचा गुलाम होणार नाही, असं त्यानं एका पत्रात लिहिलं, तेही व्याकरणाचं स्पेलिंग चुकवून. गावाची गायरानं कायद्यानं कुंपणात गेली, शेवटची वीसेक वर्षं तो वेड्यांच्या इस्पितळात होता. हे वाचायला बसले की उठवत नाही, म्हणून इथेच थांबते.

पुन्हा हार्डी. त्याच्या दुसऱ्या एका कादंबरीची नायिका टेस दोन भाषा बोलते असं त्यानं लिहून ठेवलंय. गावातल्या ‘नॅशनल स्कूल’मध्ये सहावी इयत्ता पास झालेली, लंडनहून शिकून आलेल्या बाईंच्या हाताखाली. त्यामुळे घरी थोडीफार बोली, आणि बाहेर, मोठ्या लोकांशी, नेहमीची इंग्रजी. तिची आई एकच भाषा बोलते. हे वाक्य मी कित्येक वर्षं व्यक्तिरेखेचा तपशील म्हणून शिकवलं. एके दिवशी स्टाफरूममध्ये मायचा फोन आला. बोलून ठेवला तर नवीन लागलेली सहकारी माझ्याकडे बघत होती. ‘मॅडम, तुमचा आवाज पण बदलतो.’

हेंचर्डकडे मात्र मी आता जरा मऊपणानं बघते. तो शब्दांवर चिडलेलाच नसतो. एलिझाबेथ-जेन आपल्या पोटची नाही, हे त्याला मेलेल्या बायकोच्या पत्रातून नुकतंच कळलेलं असतं, आणि ते कुणाला सांगता येत नसतं. मग जेवणाच्या टेबलावर एक क्रियापद सापडतं. माझ्या त्या बाईंचं काय सलत होतं कोण जाणे. पुण्यात येण्याआधी त्याही कुठूनतरी आल्या असतील.

या डिसेंबरात गावी गेले होते. माय आता चौऱ्याऐंशीची आहे. सकाळी ओसरीत उन्हाला बसून सुपात तूर निवडत होती. मी फोनवर ‘ऑन इल्कला मूर बाट ॲट’ लावलं. यॉर्कशरचं राष्ट्रगीतच म्हणतात त्याला. चाल भजनाची आहे, 1805 साली कँटरबरीच्या एका जोडे शिवणाऱ्यानं बांधलेली, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाची; तिच्यावर या लोकांनी आपले शब्द चढवले. गायकांचा मोठा ताफा, भारदस्त आवाज. माय म्हणाली, ‘चर्चातलं हाये का?’

मी एकेक कडवं सांगत गेले. मित्र विचारतात, कुठे होतास रे इतका वेळ? मेरी जेनच्या मागे गेला होता, इल्कलीच्या माळावर, टोपीशिवाय. ‘बाट’ म्हणजे शिवाय, ‘ॲट’ म्हणजे हॅट, ‘ह’ गिळलेला. मग ते त्याला म्हणतात, थंडी भरून मरशील. मग आम्हाला तुला पुरावं लागेल. मग किडे येऊन तुला खातील. मग बदकं येऊन त्या किड्यांना खातील. मग आम्ही ती बदकं खाऊ.

मायचा हात सुपात थांबला. ‘म्हंजे मंग त्यायनं त्यालेच खाल्लं?’

शेवटचं कडवं तेच होतं. मी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. ती पदर तोंडाला लावून हसत राहिली, मग डोळे पुसले.

‘हीव पडलं असन ना तिकडं. अन् हा चालला पोरीमांगं बोडका.’

पंचवीस वर्षं मी ‘बाट ॲट’चं भाषांतर ‘टोपीशिवाय’, ‘टोपी न घालता’, ‘विना टोपी’ असं करत आले होते. मी गाणं पुन्हा लावलं. ध्रुपदाची ओळ आली तशी मान वर न करता ती सुपातल्या तुरीला म्हणाली, ‘बोडकाच गेला.’